विटेसारखा लाल

निवृत्त झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी कॉलेजात जाऊ लागलो. शिकवायला नव्हे, शिकायला. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पांढऱ्या केसांचा माणूस फाटकातून आत शिरला की चौकीदार उभा राहून सलाम करतो. तो सलाम मी वर्षभर घेतला. एकदा थांबून त्याला खरं काय ते सांगावं असं रोज वाटायचं, पण सुरुवात कशी करावी ते सुचायचं नाही, आणि तोवर मी पुढे गेलेला असायचो.

चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. काम पुस्तकांना क्रमांक देण्याचं. रसायनशास्त्राची कितीतरी पुस्तकं माझ्या हातांखालून गेली. क्रमांक द्यायचा तर पुस्तक कशाबद्दल आहे ते कळायला हवं, म्हणून मी त्यांची पहिली काही पानं वाचत असे, आणि पुढची पानं वाचण्याचं काही कारण नसताना तीही वाचत असे. पण प्रयोगशाळा मी आतून पाहिली नव्हती. कुडाळच्या आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. त्याची किल्ली हेडमास्तरांकडे असायची आणि ते कपाट फक्त इन्स्पेक्टर आले की उघडायचं. पुढे मी बी.ए. झालो, ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतली आणि नोकरीसाठी इकडे आलो, तो इथलाच झालो.

दोन हजार सालच्या सुमाराला इंडस्ट्रियल एरियातल्या एका रंगाच्या कारखान्याच्या मालकांनी मुल्लानपूरच्या बाजूला, गव्हाच्या शेतांमध्ये, कॉलेज काढलं. तेव्हा परदेशी रंगकंपन्या देशात येऊ लागल्या होत्या. हवी ती छटा डोळ्यांदेखत कालवून देणारी यंत्रं शोरूममध्ये दिसू लागली होती. त्या सरदारजींचं म्हणणं असं की, रंगाचं रसायन कळणारी माणसं मिळतात, रंगाची नजर असलेलीही मिळतात, पण दोन्ही एकाच माणसात मिळत नाही. म्हणून त्यांनी एकच पदवी काढली, अर्धी कलेची, अर्धी रसायनाची. कलेच्या अर्ध्यात चित्रकलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र आणि साहित्य होतं. रसायनाच्या अर्ध्यात निव्वळ रसायन होतं.

जाहिरात माझ्या बायकोने, रागिणीने वाचली.

"अहो, हे बघा. वयाची अट नाही म्हणतात."

"छापायची राहिली असेल."

"मग ती छापायच्या आत जा."

पहिल्या वर्षी जागा भरत नव्हत्या हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा जरा बरंच वाटलं. आपण कुणाची तरी जागा अडवून बसलो आहोत ही बोच कमी झाली.

कलेच्या तासांना मी मागच्या बाकावर बसायचो आणि सुखात असायचो. तिथे सगळं वाचायचंच असतं. रसायनाला मात्र हात लागतात. रसायन शिकवायला ढिल्लों मॅडम होत्या. माझ्या मुलाच्या, शिशिरच्या वयाच्या असतील. मला 'श्रीपादजी' म्हणायच्या आणि बाकी सगळ्यांना 'ओए'. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की बर्नर कमी आहेत, म्हणून प्रॅक्टिकल जोडीने करायचं. जोडीला एकच सॉल्ट मिळेल आणि गुणही जोडीला मिळून एकच मिळतील. रसायनाच्या वार्षिक प्रॅक्टिकलला साठ टक्के पडले नाहीत तर पुढच्या वर्षी रसायन सुटेल आणि नुसती बी.ए. करावी लागेल.

जोड्या ठरल्या. वर्गातली मुलं आधीच एकमेकांकडे सरकली होती. शेवटी उरलो मी, गगनदीप नावाचा एक आळशी मुलगा, आणि उशिरा आलेली एक मुलगी. मॅडमनी मुलीला माझ्याकडे पाठवलं. गगनदीपने एकट्यानेच करायचं कबूल केलं. त्यात काही करावं लागणार आहे हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

"आप मराठी हो ना?" मुलगी म्हणाली. "मम्मी म्हणाली होती. काकाजी बोलूं ना? मी मधुरिमा."

मधुरिमा काळे. वडील हवाई दलात विंग कमांडर, आई नागपूरची, म्हणून 'काकाजी'. मराठी तिला सगळं समजायचं, पण चार शब्द मराठीत झाले की वाक्य हिंदीत निघून जायचं. तिला चित्र उत्तम काढता यायचं, आणि या पदवीला ती माझ्यासारखी हौस म्हणून आली नव्हती. चित्रकलेच्या इतिहासाच्या तासाला एका जुन्या चित्राची स्लाइड दाखवली होती. त्यातल्या बायकांचे चेहरे काळे पडले होते. चित्रकाराने ते गोरेच रंगवले होते. पांढऱ्या रंगात शिसं होतं, आणि हवेतल्या गंधकाने वर्षानुवर्षं ते काळं होत गेलं. नेमकं रसायन हलक्या हाताने लावलं तर चेहरे पुन्हा उजळवता येतात, असं सर म्हणाले. मधुरिमाने त्याच दिवशी ठरवलं की आपण हे करायचं. जुनी चित्रं दुरुस्त करणारी व्हायचं. त्यासाठी दोन्ही अर्धी हवी होती.

गंधकाचा तो वायू आमच्याही प्रयोगशाळेत होता. कुजक्या अंड्यांचा वास. घरी आलो की रागिणी दारातच थांबवायची.

"स्वेटर आधी बाल्कनीत. मग चहा."

"थंडी आहे गं."

"म्हणूनच म्हटलं, आधी बाल्कनीत. उशीर केलात तर चहाही तिकडेच देईन."

तरी मला प्रयोगशाळा आवडू लागली होती. सॉल्ट ओळखायचं म्हणजे एक पांढरी पूड द्यायची आणि ती कशाची ते शोधून काढायचं. तार त्या पुडीत बुडवून ज्योतीत धरायची आणि ज्योतीचा रंग बघायचा. मग नळीत एकेक द्रावण घालायचं आणि तळाशी कोणत्या रंगाचा साका बसतो ते बघायचं. आणि पुस्तकात त्या रंगांचं वर्णन किती सुंदर केलेलं होतं. चांदीचा साका दह्यासारखा पांढरा. एक पिवळा कॅनरी पक्ष्यासारखा. बेरियमची ज्योत कच्च्या सफरचंदासारखी हिरवी, कॅल्शियमची विटेसारखी लाल, स्ट्रॉन्शियमची किरमिजी. एवढा शास्त्रीय ग्रंथ, पण रंग सांगायची वेळ आली की त्यालाही दही आणि वीटच आठवते, याची मला मौज वाटायची. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचायचो. मधुरिमा ते एकदाही वाचायची नाही.

"काकाजी, आप पढ़ो, मैं करती हूँ."

आमची विभागणी अशीच झाली. ॲसिड ओतताना माझा हात कापायचा, म्हणून ओतणं तिच्याकडे. पुस्तक, क्रम, टिपणं आणि नळ्या धुणं माझ्याकडे.

डिसेंबरात चाचणी होती. बाहेर दाट धुकं पडलं होतं, खिडकीतून शेत दिसत नव्हतं. मधुरिमाने तार ज्योतीत धरली आणि ज्योत क्षणभर लाल झाली.

"रेड," ती म्हणाली. "क्रिमसन टाइप."

"नाही," मी म्हणालो. "विटेसारखा लाल. कॅल्शियम."

एरवी मी कशालाही 'नाही' म्हणत नाही, म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. "पक्का?"

"पक्का."

मला इतकी खात्री आयुष्यात क्वचित वाटली असेल. ती ज्योत बघताच डोळ्यांपुढे भिंत उभी राहिली होती. तार पुन्हा एकदा धरून बघ, असंही मी तिला म्हणालो नाही. पुस्तकातल्या क्रमाप्रमाणे आधी बेरियमची परीक्षा घ्यायची, मग सल्फेट घालून स्ट्रॉन्शियमची, आणि ती दोन्ही नाहीत असं ठरलं तरच ऑक्झलेट घालून कॅल्शियमची. वेळ कमी होता. कॅल्शियमच आहे म्हटल्यावर आम्ही थेट ऑक्झलेट घातलं. नळीत पांढराशुभ्र साका आला. मी उत्तर लिहिलं.

सॉल्ट स्ट्रॉन्शियमचं होतं. ऑक्झलेटने स्ट्रॉन्शियमचाही साका येतो. म्हणूनच तर तो क्रम दिलेला असतो. आम्हाला शंभरात पस्तीस गुण मिळाले, तेही मांडणी नीट होती म्हणून.

मॅडमनी आम्हाला बोलावलं. "श्रीपादजी, सल्फेट क्यों नहीं डाला?"

"ज्योतीवरून वाटलं... फ्लेम ब्रिक रेड थी, मॅडम."

"क्रिमसन थी. मैंने ख़ुद देखकर दिया था वो सॉल्ट." मग त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. "आपकी नज़र ठीक है? मोतियाबिंद वगैरह?"

मोतिबिंदू नव्हता. मॅडम उठल्या आणि आम्हाला मागच्या दाराने बाहेर घेऊन गेल्या. तिथे वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं आणि भट्टीतून आलेल्या विटांची रास लावलेली होती. मॅडमनी त्यातली एक उचलून माझ्या हातात दिली.

"ये ईंट है. आपने फ्लेम में ये रंग देखा था?"

नारिंगीकडे झुकणारा, भाजका, मातकट लाल. नव्हता. मी पाहिला होता तो रंग याच्या जवळपासही नव्हता.

"तो कौन-सी ईंट देखी थी आपने?"

सांगायला मला वेळ लागला, कारण ते मलाच तेव्हा उमगत होतं. आमच्या सिंधुदुर्गात विटांची घरं नसायची. जांभ्या दगडाचे चिरे खाणीतून कापून काढतात आणि त्यांच्याच भिंती. पावसात भिजला की तो चिरा गडद तांबडा होतो, किरमिजीच म्हणा, आणि माझ्या आठवणीत तो अजूनच लाल झालेला असणार. पुस्तकात 'वीट' वाचलं की मला आमची मागची भिंत दिसायची. मला ते कधी जाणवलंही नव्हतं. तीस वर्षं ज्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो त्याच्या भिंती उघड्या विटांच्या होत्या. रोज संध्याकाळी मी त्या विटांना टेकून सायकल लावत होतो. पण वाचताना त्या आठवल्या नाहीत.

हे सगळं मी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. मधुरिमा मात्र हसली, आणि मग तिचं हसू मावळलं, कारण तिने क्रिमसन म्हटलं होतं आणि ते बरोबर होतं.

जानेवारीत मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिथे एक उंच गृहस्थ तिळगूळ घेऊन माझ्यापुढे आले.

"तुम्हीच का मधुरिमाचे जोडीदार? मी नंदकुमार काळे."

मी दोन्ही हात पुढे केले. एका हातात तिळगुळाची आधीची वडी होती, त्यामुळे नमस्कार नीट झाला नाही.

"जूनमध्ये माझी बदली आहे, जोधपूर," ते म्हणाले. बोलणं अगदी साधं, त्यात राग नव्हता. "तिला इथे होस्टेलला ठेवायचं म्हणते. मी म्हटलं, ठेवतो. पण ही दोन्ही विषयांची पदवी असेल तर. नुसती बी.ए. काय, जोधपूरलाही होते. अठरा वर्षांची मुलगी त्यासाठी एकटी मागे कशाला ठेवायची? तुम्हीच सांगा."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. खरंच बरोबर होतं.

"म्हणजे आता वार्षिक प्रॅक्टिकल. ती म्हणते काकाजी सगळं वाचून असतात." ते हसले. "तर तुमच्यावर आहे आता. घ्या, गोड बोला."

मी तीही वडी घेतली आणि मान डोलावली. घरी येताना रिक्षात रागिणी म्हणाली, "तोंड का असं? तिळगूळ कडू होता?"

मी तिला सांगितलं की मी रसायन सोडणार आहे. मी बाजूला झालो तर त्या मुलीला एकटीने करता येईल किंवा दुसरं कुणीतरी मिळेल. तिचा डोळा चांगला आहे, हात स्थिर आहे. अडसर असेल तर तो माझाच आहे. मला काय, नुसती बी.ए. माझी आधीच झालेली आहे.

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? ती कशी म्हणेल तोंडावर, की जा म्हणून?"

"लग्न झाल्यापासून तुमचं हेच. मला नाटक आवडणार नाही म्हणून तुम्ही एकटेच जायचात. मला नाटक आवडतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

हे मला नवीन होतं. पुढच्या दिवशी मी विचारायचं ठरवलं, तरी धीर व्हायला आठवडा गेला.

कॉलेजची बस सेक्टर सतराहून सुटायची. मधुरिमा शेजारी येऊन बसली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पापा ने कुछ बोला क्या?"

"नाही, नाही. ते बरोबरच बोलले."

"बोले, मतलब." ती पायांजवळच्या पिशवीशी खेळत राहिली. "काकाजी, आप ना, अजीब हो. गलती एक बार की, माफ़ी रोज़ माँगते हो. और देखो, तुम्ही गेलात तर मॅडम मला गगनदीपसोबत बसवणार. वो टेस्ट ट्यूब धोता ही नहीं. पिछली बार का क्लोराइड अगली बार के सॉल्ट में निकलता है उसका."

"पण गुण..."

"मार्क्स मला हवे आहेत. म्हणून तर बोलतेय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मैंने क्रिमसन बोला था, और फिर मान गई. डाँटना है तो मला पण डाँटो ना."

मी तिला कसा रागावणार? पण बाजूला होण्याचा विषय तिथेच संपला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, आणि तो दिसू नये म्हणून मी पुन्हा खिडकीबाहेर बघू लागलो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. पुस्तकातला एकही रंग तसाच घ्यायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक क्षाराची ज्योत आधी बघायची आणि बघितल्याबरोबर मधुरिमाने जलरंगात त्याचा ठिपका काढायचा. मग मी त्याला नाव द्यायचं, पण दोघांनी जे खरोखर पाहिलं आहे अशाच वस्तूचं. हे वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. बेरियमच्या हिरव्याला मी केळीचं कोवळं पान म्हटलं. तिने केळीचं झाड जवळून पाहिलेलं नव्हतं. कच्चं सफरचंद दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. हिमाचलातून इथे येतात ती लालच. कॅनरी पक्षी तर दोघांनाही परका.

"तुझ्या घराची भिंत कसली होती गं, लहानपणी?" मी एकदा विचारलं.

"कौन-सा घर? दर तीन वर्षांनी क्वार्टर बदलतो. सबकी दीवार एक जैसी पीली." ती ब्रश धुवत होती. "आपके पास एक ही दीवार है, मेरे पास एक भी नहीं. मस्त जोड़ी है."

शेवटी आम्ही चंदीगडवरच आलो. बेरियमला मुल्लानपूरचा फेब्रुवारीतला गहू. कॅल्शियमला मागच्या रचलेल्या विटा, रोज येता-जाता बघायच्या. स्ट्रॉन्शियमला तिने सुचवलं डाळिंबाचा रस, सेक्टर पंधराच्या कोपऱ्यावर मिळतो तो. तो खरंच तसा आहे की नाही हे बघायला आम्ही रागिणीला घेऊन गेलो. रागिणीने ग्लास उजेडात धरून बघितला, पिऊन टाकला आणि म्हणाली, "असेल तुमचं ते स्ट्रॉन्शियम. मीठ कमी आहे." मला वाटतं, त्या वर्षातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

वार्षिक प्रॅक्टिकल एप्रिलमध्ये झालं. बाहेरून परीक्षक आले होते, जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक वयस्क प्राध्यापक. ते आल्यापासूनच नाराज दिसत होते. अर्धी कला आणि अर्धं रसायन ही कल्पना त्यांना पटलेली नव्हती, आणि ते त्यांनी मॅडमना आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. मला पाहून ते म्हणाले, "आप इन्विजिलेटर हैं?"

"नाही सर. विद्यार्थी."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीकडे पाहिलं.

आमच्या वाट्याला आली ती पूड पांढरी आणि थोडी दमट होती. मधुरिमाने तार धरली. ज्योत भडक पिवळी झाली. तार नीट साफ झालेली नसावी किंवा कुणाच्या हाताचं मीठ लागलं असावं. पिवळा इतका दांडगा की त्याच्या आत बाकी काही दिसेना. तिने तार पुन्हा साफ केली, पुन्हा धरली. पिवळ्याच्या कडेला काहीतरी लाल चमकलं आणि गेलं.

"ईंट," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "नहीं? काकाजी, तुम्हाला काय वाटतं?"

मला काहीच वाटत नव्हतं. वीटही नाही, डाळिंबही नाही. मी तसं सांगितलं.

मग आम्ही क्रमाने गेलो. बेरियमची परीक्षा, काही नाही. सल्फेट घातलं. नळी स्वच्छ, पाण्यासारखी. मधुरिमाने ती उजेडात धरली, हलवली.

"नहीं है. ऑक्झलेट दूँ?"

तिचा हात बाटलीकडे गेलाही होता. घड्याळात वेळ फारसा उरला नव्हता आणि उत्तराचा दुसरा भाग अजून करायचा होता. समोरच्या टेबलावर मुलं लिहायला लागली होती.

"थांब," मी म्हणालो.

"काकाजी, टाइम."

"थांब जरा. तू दुसरा भाग कर. ही नळी मला दे."

ती रागावली, ते दिसत होतं. पण तिने नळी दिली. मी ती गरम पाण्यात धरली, मग काचेची सळी घेतली आणि आतल्या बाजूने काचेवर घासत राहिलो. पुस्तकात एका ओळीत लिहिलं होतं की स्ट्रॉन्शियमचा साका लाजरा असतो, लगेच येत नाही. 'लाजरा' हा शब्द माझा; पुस्तकात दुसरा होता. मी घासत राहिलो. शेजारी मधुरिमाने नायट्रेटसाठी नळी तिरकी धरून आतल्या कडेने ॲसिड सोडलं, थेंबही न सांडता, आणि दोन द्रावणांच्या मध्ये तपकिरी कडं उमटलं. तिचा भाग झाला. माझी नळी अजून स्वच्छ होती.

परीक्षक मागे येऊन उभे राहिले. "किसका इंतज़ार है?"

"साक्याचं... पीपीटी का, सर."

"नहीं आया तो नहीं आया. आगे बढ़िए."

मधुरिमा माझ्याकडे बघत होती. तिचं सगळं वर्ष त्या नळीत होतं, जोधपूर की चंदीगड तेही. आणि ज्या माणसाच्या 'पक्का' म्हणण्यामुळे तिचं एकदा नुकसान झालं, तो माणूस मीच होतो. पुढे जावं, असंच मला वाटलं. परीक्षक म्हणतात म्हणजे त्यांना माहीत असेल. पण माझी सळी काही थांबली नाही. थांबवायलाही निश्चय लागतो, आणि तेवढाही माझ्याकडे नव्हता.

मग सळीच्या रेघेवर, काचेला चिकटून, दुधाची साय धरावी तसं काहीतरी दिसलं. मी चष्मा पुसला. ते खरंच होतं. बघता बघता नळी वरपासून खालपर्यंत धुरकट झाली.

"आ गया," मधुरिमा हळूच म्हणाली. "आ गया, आ गया."

परीक्षकांनी माझ्या हातातून नळी घेतली, जाड भिंगांजवळ नेली आणि परत दिली. "फ्लेम का कलर क्या था?"

"नीट दिसला नाही, सर. साफ़ नहीं दिखा."

"साफ़ नहीं दिखा, ये लिखेंगे आप उत्तर में?"

मी मधुरिमाकडे पाहिलं. किरमिजी लिहून टाकणं सोपं होतं. उत्तर कळलंच होतं. ती म्हणाली, "लिखेंगे सर. येलो था, सोडियम का. बाकी दिखा नहीं."

"तो फिर इतनी देर रुके क्यों? किस भरोसे पर?"

हा प्रश्न मला होता. वर्गात, सगळ्यांसमोर, मी वर्षभरात एकदाही उभा राहून बोललो नव्हतो. "सर, मुझे अपनी आँख पर भरोसा नहीं है," मी म्हणालो. "एक बार धोखा हो चुका है. इसलिए मैंने सोचा, नळीलाच सांगू दे. उसी को बोलने दें."

मागे कुणीतरी हसलं, बहुधा गगनदीप. परीक्षकांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले. जाता जाता मॅडमना म्हणाले, "नलियाँ साफ़ हैं इनकी." एवढंच. ते चांगलं की वाईट, हे मला मे महिना संपेपर्यंत कळलं नाही.

आम्हाला चौसष्ट टक्के पडले. ज्योतीच्या रंगाचे गुण मिळाले नव्हते, बाकीचे मिळाले होते. मधुरिमाने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं, दोघांना सारखेच ना? ती म्हणाली, काकाजी, जोडीला एकच गुण असतात. मग तिने फोन वडिलांकडे दिला. "ठेवतोय तिला इथे," ते म्हणाले. "रविवारची जेवायला येईल तुमच्याकडे, चालेल ना?" रागिणीने माझ्या हातातून फोन घेऊन उत्तर दिलं, कारण मी मान हलवत होतो आणि ती फोनवर दिसत नाही.

जुलैत दुसरं वर्ष सुरू झालं. पहिल्या प्रॅक्टिकलला ढिल्लों मॅडम म्हणाल्या, "ओए, सुनो सब. जोड़ी बदलनी है तो आज बदल लो. फिर साल भर नहीं सुनूँगी." बाकं सरकली, मुलं इकडून तिकडे गेली. मधुरिमा अजून आली नव्हती. नव्या वसतिगृहातली खोली लावण्यात तिला उशीर झाला होता. वर्गात आता तिच्या बऱ्याच मैत्रिणी झाल्या होत्या, त्यांच्यापैकी एक दाराशी उभी राहून तिची वाट बघत होती. मला वाटलं, आपण आधीच जरा कडेला, गगनदीपच्या बाजूला जाऊन बसावं, म्हणजे तिला संकोच होणार नाही. मी पिशवी उचललीही.

तेवढ्यात ती धावत आत आली. मैत्रीण तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मधुरिमाने 'नाही' अशी मान हलवली, ॲप्रनची नाडी मागे बांधता बांधता माझ्यापाशी आली आणि माझ्या हातातली पिशवी बघितली.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"तो रखो ना नीचे. इस साल ऑर्गेनिक है, मला काही येत नाही. तुम्ही वाचलं असेलच सगळं सुट्टीत."

वाचलं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि नळ्या धुवायला घेतल्या.